नऊ नंबरची खुर्ची

कामाच्या पहिल्याच दिवशी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, ती हवेत अडकली.

खाली दरी, वर धुकं, आणि मधोमध लोखंडी तारेला टांगलेल्या खुर्चीत ती. मांडीवर कागदांची पिशवी, हातात लाल छत्री, आणि उंच बाकावर बसवलेल्या पोरासारखे लोंबकळणारे पाय. पुढच्या खुर्चीत वाळूचं पोतं. मागच्या खुर्चीत वाळूचं पोतं. दोन्ही पोती मोठ्या समाधानात बसलेली. घाई काय ती तिलाच.

त्याचं असं झालं. डोंगरावरच्या त्या करमणुकीच्या पार्कला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पार्कचा इतिहास लिहायला आणि जुन्या कागदांची एक खोली मांडायला मालकीणबाईंनी तिला शहरातल्या संग्रहालयातून सहा आठवड्यांसाठी बोलावून घेतलं होतं. पत्रात लिहिलं होतं, कचेरी वरच्या टोकाला आहे, रोपवेनं यावं. ही पडली वक्तशीर. फाटक उघडायच्या आधी पोचली, पहारेकऱ्याला पत्र दाखवलं, समोर खुर्च्या फिरताना दिसल्या, आणि बसली. रोज पार्क उघडण्याआधी रोपवेत वाळूची पोती घालून एक फेरी मारतात, आणि अर्ध्या वाटेत मुद्दाम थांबवून ब्रेक तपासतात, हे पत्रात कुठे लिहिलं होतं?

खांबावरचा भोंगा खरखरला.

“सात... आठ...” कुणी पुरुष स्वतःशीच मोजत होता. “नऊ.” मग, अगदी जपून — “नऊ नंबरचं पोतं छत्री घेऊन आलंय का?”

“मी पोतं नाहीये,” ती ओरडली.

“तुमचं मला ऐकू येत नाही. माझं तुम्हाला येतंय ना? हो असेल तर छत्री वर करा. नाही असेल तर आडवी धरा.”

तिनं छत्री वर केली.

“छान. आता ऐका. ब्रेकची परीक्षा सुरू झाली की सात मिनिटं मशीनला हात लावता येत नाही, नियम आहे. तोवर गप्पा मारू. म्हणजे मी मारतो, तुम्ही छत्री हलवा. घाबरलात?”

छत्री आडवी.

“खरं सांगा.”

छत्री जराशी... अगदी वीतभर... वर.

“तपासणीच्या साहेबांकडून आलात? नाही? देव पावला. मग तुम्ही इतिहासवाल्या. बरं, तुमचं वजन किती, पोत्यापेक्षा जास्त का क—”

छत्री फाडकन उघडली आणि तिच्या आड ती अख्खी नाहीशी झाली.

“अहो, नोंदीसाठी विचारतोय,” भोंगा कळवळून म्हणाला. “राहू दे. ‘सुमारे पोत्याएवढं’ लिहितो.”

छत्रीआड ती हसत होती. खाली चारशे फूट दरी, आणि ही हसत होती. देव कुणाला जुळवायला बसला, की साधनं अशीच निवडतो. एक तार, थोडं धुकं आणि फावली सात मिनिटं.

वरच्या टोकाला खुर्ची पोचली तेव्हा भोंग्यामागचा माणूस फलाटावर धावत आला. तिशीतला असेल. निळा डगला, कानावर पेन्सिल, आणि चूक केलेल्या शाळकरी मुलाचे डोळे. तिला उतरवायला त्यानं हात पुढे केला, हाताला ग्रीस दिसलं, हात मागे घेतला, आणि घाईघाईनं कोपर पुढे केलं. तिनं कोपर धरलं. खुर्ची पाठीमागून सरकत गेली, तरी कोपर सोडायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

“तुम्हाला इथं काय म्हणतात?” शेवटी तिनं विचारलं.

“मिस्त्री.”

“मी भोंगा म्हणेन.”

“म्हणा. मी नऊ नंबर म्हणतो.”

“मला नाव आहे.”

“पत्रावर वाचलं मी. लांब आहे. भोंग्यात घुमतं.”

* * *

इंजिनघरात एका फळीवर वह्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, पाठीला कापडी पट्टी लावलेल्या, वर्षाला एक. त्यांना फेरीवही म्हणत. रोजच्या पहिल्या फेरीचं सगळं त्यात लिहायचं — वारा, धुकं, मशीनचा आवाज, कोण बसलं, कुठे काय बिघडलं. शेवटचे दोन रकाने, ‘दोष’ आणि ‘दुरुस्ती’.

“मामांनी सुरू केल्या,” मिस्त्री म्हणाला. मामा म्हणजे या रोपवेचे पहिले मिस्त्री. मागच्या वर्षी ते गेले आणि पाना भाच्याच्या हातात आला. “पहिल्या पानावर त्यांचे नियम आहेत, बघा.”

तिनं वाचले. पान फाडायचं नाही. जे खरं तेच लिहायचं, मशीनचं आणि माणसाचंही. चालकाला ताप असेल, झोप झाली नसेल, लक्ष ठिकाणावर नसेल, तर तोही दोषच. आणि तिसरा — ज्यानं दोष लिहिला, त्यानं दुरुस्तीचा रकाना भरायचा नाही. तो दुसऱ्या हातानं भरायचा.

“तिसरा नियम का?”

“स्वतःचं दुखणं स्वतःच तपासलं, की माणूस लवकर बरा होतो,” तो म्हणाला. “कागदावर.”

तिनं त्याच्याकडे वर पाहिलं. तो लगेच एका चाकाला तेल घालू लागला. त्या चाकाला नुकतंच तेल घातलेलं होतं, हे तिलासुद्धा दिसत होतं.

या वह्यांवर केवढं काय टांगलेलं आहे, तेही त्यानंच सांगितलं. पन्नास वर्षं झालेल्या यंत्राला नव्यानं परवाना लागतो. सोहळा सहाव्या आठवड्याच्या शेवटी रविवारी, आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी तपासणीचे साहेब येऊन पन्नासच्या पन्नास वह्या बघणार. एक जरी दोष उघडा सापडला, म्हणजे लिहिलाय पण दुरुस्तीचा रकाना कोराच, तर परवाना नाही. तारा उतरवायच्या, खुर्च्या भंगारात.

“मला तर सगळ्या वाचायच्याच आहेत,” ती म्हणाली. “उघडा दोष दिसला की सांगेन.”

“सगळ्या नाही. एकोणपन्नास.” त्यानं टेबलावरची पन्नासावी वही हळूच उचलून डगल्याच्या आत सरकवली. “ही चालू वही आहे. चालू वहीला इतिहास म्हणत नाहीत.”

* * *

मालकीणबाईंना इतिहास पाठ होता. कपाळावर चष्मा चढवून त्या सांगायच्या, “वडिलांना स्वप्न पडलं. डोंगरावर मुलं हसताहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पार्क काढला. लिही.”

पण पहिल्या वहीनं वेगळंच सांगितलं.

डोंगराच्या पोटात खाण होती. खाण संपली आणि बंद पडली. मालकीणबाईंचे वडील आले ते भंगाराचे कंत्राटदार म्हणून. तार, चाकं, रूळ, सगळं वितळवायचं ठरलेलं. खाणीतला तरुण मिस्त्री, हेच ते मामा, रोपवेपाशी उभा होता. दगड वाहणाऱ्या लोखंडी बादल्या त्यानं घासूनपुसून ठेवल्या होत्या. कंत्राटदाराबरोबर त्याची लहान मुलगी आली होती. मिस्त्री एवढंच म्हणाला, “साहेब, मोडण्याआधी एकदा फिरवून दाखवतो.” आणि वहीतली पहिली नोंद अशी होती :

‘खुर्ची नाही, बादली. प्रवासी : कंत्राटदाराची मुलगी, वय पाच. जाताना रडली नाही. उतरवताना रडली. तीन फेऱ्या.’

मग कशाचं भंगार आणि कशाचं काय. बादल्यांच्या खुर्च्या झाल्या. खाणीतून माणसं वरखाली करायचं प्रचंड चाक आकाशपाळणा झालं. दगडांच्या डब्यांची झुकझुक गाडी झाली, आणि खाणीचा काळोखा बोगदा झाला भुतांची गुहा. भुतं पुठ्ठ्याची होती, पण काळोख अस्सल.

तिनं ती नोंद मालकीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, वाचलं, परत वाचलं, आणि खिडकीतून फिरणाऱ्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या.

“म्हणजे ते स्वप्न...” त्या पुटपुटल्या. “अगं, ती मीच की.”

“तुम्ही रडला नसतात तर पार्क झाला नसता.”

“स्वप्न काढून टाक. बादली लिही,” मालकीणबाई म्हणाल्या आणि नाक पुसलं.

* * *

तर मंडळी, आता खरी कथा. ती वह्यांत लिहिलेली नव्हती — निदान तिला तसं वाटत होतं.

सकाळची पहिली फेरी आता तिच्याशिवाय होईना. पोती एकोणतीस, आणि नऊ नंबरला ती. “इतिहासाचा अनुभव घ्यायला हवा,” असं तिनं मालकीणबाईंना सांगून ठेवलं होतं. अर्ध्या वाटेत खुर्ची थांबली, की भोंगा खरखरायचा आणि सात मिनिटं हा हा म्हणता संपायची.

“नऊ नंबर, रात्री झोप झाली?” छत्री वर. “स्वप्न पडलं?” छत्री वर. “कुणाचं, ते छत्रीनं सांगता येणार नाही, नाही का?” छत्री आडवी. “मग जरा कमी अवघड विचारतो. खाली उजवीकडे बघा. तिसऱ्या खांबाजवळ पांढरी फुलं आलीत. काल नव्हती. दिसली?”

दिसली. धुकं फाटलं आणि फुलांचा ताटवाच्या ताटवा उजळून निघाला. तिला वाटलं, हा माणूस रोज काहीतरी शोधून ठेवतो. आपल्यासाठी.

वर पोचली की कोपर पुढे. आता त्याचे हात स्वच्छ धुतलेले असायचे, तरी पुढे यायचं कोपरच. नंतर इंजिनघरात दोघं समोरासमोर बसून वह्या तपासायची. ती मोठ्यानं वाचायची, तो जुन्या दोषांवर बोलायचा.

“‘बावीस नंबरची खुर्ची कुरकुरते.’”

“ती अजून कुरकुरते. स्वभाव आहे तिचा.”

“‘दुरुस्ती : तेल घातले, समजूत काढली.’ समजूत?”

“मामा मशीनशी बोलायचे. माणसांशी त्यांचं जमत नसे.”

“आणि तुमचं?”

“भोंग्यातून बरं जमतं,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. “समोरासमोर... सराव चालू आहे.”

तिनं मान वहीत घातली. ओळी दिसत होत्या, अक्षरं लागत नव्हती.

सहावा आठवडा लागला तेव्हा मालकीणबाईंनी तिला बोलावून सांगितलं, “खोली मांडून झाली की तिला कुलूप लावायचं नाही मला. सांभाळणारं माणूस हवं. तू राहा की कायमची. शुक्रवारपर्यंत सांग.”

ती जवळजवळ धावतच इंजिनघरात गेली. सांगितलं. आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

त्यानं पाना उचलला. पाना खाली ठेवला.

“शहरात तुमचं मोठं काम असेल.”

“आहे.”

“इथं धुकं असतं. वर्षातले आठ महिने.”

“बघितलं मी धुकं.”

“भिंतींना ओल येते. कागदांना वाईट.”

“एवढंच सांगायचंय?”

तो ज्या चाकाला तेलाची काहीएक गरज नव्हती त्याला तेल घालू लागला. ती पाय आपटत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी नऊ नंबरच्या खुर्चीत पोतं होतं.

* * *

राग माणसाला कामाला लावतो. बाकीच्या अठ्ठेचाळीस वह्या मागेच तपासून झाल्या होत्या, तिसरी मात्र खालच्या तिकीटघरात राहिली होती, म्हणून हातून सुटलेली. ती घेऊन ती तिथंच बाकावर बसली. खिडकीमागे तिकीटमावशी सुट्टे पैसे लावत होत्या. पार्कचं पहिलं तिकीट त्यांनीच फाडलं होतं. आता नात कॉलेजात गेली, तरी खिडकी सुटली नव्हती.

वाचता वाचता ती थबकली. ‘दोष’च्या रकान्यात मामांचं अक्षर :

‘चालकाच्या ऐकण्यात दोष. तिकिटाच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला, की मशीनचा आवाज ऐकू येत नाही.’

दुसऱ्या दिवशी, ‘दोष तसाच.’ तिसऱ्या दिवशी, ‘दोष वाढला.’ अशा बावीस नोंदी. बाविसावी होती, ‘आज खिडकीतून लग्नाचं आमंत्रण मिळालं. दोष कायम.’ आणि समोर दुरुस्तीचा रकाना — बावीसच्या बावीस ओळी कोरा.

तिला वाटलं, वही मिटावी आणि गप्प बसावं. पण उघडा दोष तो उघडा दोष. आणि हे ज्यांच्याबद्दल होतं त्या चार हातांवर बसलेल्या. ती उठली आणि वही खिडकीतून आत सरकवली.

तिकीटमावशींनी वाचलं. बोट ओळीवरून फिरत राहिलं. आधी त्या हसल्या, मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

“वेडा,” त्या म्हणाल्या. “अगं, मी वर्षभर या खिडकीत बसून वाट बघितली. म्हटलं, कधीतरी हा माणूस येईल आणि दोन तिकिटं मागेल. तेव्हा मशीन इथं खालीच होतं, सहा पावलांवर. सहा पावलं नाही चालला.” त्यांनी वहीवर हात ठेवला. “माझा संसार चांगला झाला हो. माणूस देवासारखा मिळाला, देवाकडे तक्रार नाही. पण हे मला तेव्हा कळलं असतं ना... निदान मी तरी सहा पावलं चालले असते.”

“त्यांनी सांगायला हवं होतं.”

“हवं होतंच. पण बाई गं, त्यानं लिहिलं तरी. मी कुठं काय लिहिलं?” मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. “वही राहू दे माझ्याकडे. आणि तू कुणावर रागावून तीन दिवस पायऱ्या चढतेयस?”

“कुणावर नाही.”

“हो का. गुडघे सांभाळ मग.”

* * *

शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. उंच, सडसडीत, आणि हसणं सरकारी खर्चात बसत नसल्यासारखा चेहरा. इंजिनघरात टेबलावर वह्यांचे ढीग. एका बाजूला मालकीणबाई, हातात रुमाल पिळत. तिकीटमावशी तिसरी वही घेऊन दारात. ती खिडकीपाशी, आणि मिस्त्री मशीनला टेकून, पांढराफटक.

साहेब भराभर पानं उलटत होते. तास गेला. दीड तास गेला.

“पन्नासावी?”

“साहेब, ती चालू...” मिस्त्री म्हणाला.

“चालूच बघायची असते.”

डगल्याच्या आतून वही निघाली. देताना त्याच्या हाताची पकड सुटेना. साहेबांना ती थोडी ओढावीच लागली. त्यांनी पानं उलटली. थांबले. आणि मोठ्यानं वाचू लागले, वाऱ्याचा वेग वाचावा तशा सुरात :

“‘प्रवासी : नऊ नंबरला पाहुण्या, लाल छत्री. वारा मंद. मशीन ठीक. दोष : चालक ठीक नाही.’”

खिडकीपाशी तिनं मान वळवली. ती पहिल्या दिवसाची नोंद होती.

“‘दोष : चालकाचं लक्ष नऊ नंबरकडे. इतर एकोणतीस खुर्च्यांवर अन्याय होतो.’” पान उलटलं. “‘दोष : पांढरी फुलं दाखवायची म्हणून चालक पहाटे तिसऱ्या खांबापर्यंत चालत जाऊन आला. झोप कमी.’” पान उलटलं. “‘दोष : विचारायचं होतं. धुक्याबद्दल बोललो.’ हे काय आहे?”

मालकीणबाईंच्या रुमालाला आणखी एक पीळ पडला.

“‘दोष : नऊ नंबरला आज पोतं. पोतं पन्नास किलोचं, तरी खुर्ची रिकामी वाटली.’” साहेबांनी वही टेबलावर ठेवली. “मिस्त्री, सरकारी नोंदवहीत हे?”

“नियम आहे साहेब,” मिस्त्री खाली बघत म्हणाला. “लक्ष नसेल तर तोही दोषच. खोटं कसं लिहू? रोज फेरीआधी चेहऱ्यावर गार पाणी मारत होतो. ब्रेक कधी चुकला नाही, आकडे बघा.”

“आकडे चोख आहेत. ती अडचण नाही.” साहेबांनी बोट रकान्यावर ठेवलं. “समोर दुरुस्ती कोरी आहे. दोष उघडा. उघडा दोष असताना मी परवाना देऊ शकत नाही.”

मालकीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. “भर रे तो रकाना, बाबा. काहीही लिही.”

“मी नाही भरू शकत. दोष माझ्या हातचा आहे.”

“असाच एक इथंही आहे,” दारातून तिकीटमावशी म्हणाल्या आणि तिसरी वही पुढे केली. “पण हा उघडा नाही. काल भरला मी.”

साहेबांनी त्या बावीस ओळी वाचल्या, या वेळी मनातल्या मनात. शेवटच्या ओळीसमोर, सत्तेचाळीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात, ताज्या शाईत तीन शब्द होते. ‘आता ऐकू आलं.’ खाली सही.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “तारीख घालायची राहिली,” ते हळूच म्हणाले.

“तारखेचं काय घेऊन बसलात, साहेब,” मावशी म्हणाल्या. “तारीखच तर चुकली.”

आणि तिनं पाहिलं — खिडकीपासून टेबलापर्यंत बरोबर सहा पावलं होती.

ती चालली. साहेबांच्या समोरून वही स्वतःकडे फिरवली, त्याच्या कानावरची पेन्सिल काढली, मग पेन्सिल चालत नाही हे आठवून परत कानावर ठेवली — एवढं करताना बोटं त्याच्या केसांना लागली आणि मिस्त्रीनं डोळेच मिटून घेतले. मालकीणबाईंनी पेन पुढे केलं.

तिनं लिहिलं, ‘दोष दुरुस्त करू नये.’

“असं लिहिता येत नाही,” साहेब म्हणाले.

“मग काय लिहू?”

साहेबांनी छताकडे बघितलं. “दोष जाण्यासारखा नसेल आणि मशीनला धोका नसेल, तर ‘रोजच्या निरीक्षणाखाली ठेवावा’ असं लिहितात. मात्र निरीक्षण करणारं माणूस जागेवर राहणारं हवं. पाहुणं चालत नाही.”

तिनं आधीची ओळ नियमाप्रमाणे एका रेघेनं खोडली आणि खाली लिहिलं, ‘रोजच्या निरीक्षणाखाली ठेवावा.’ सही केली. सहीपुढे हुद्दा लिहायला जागा होती. तिथं पेन क्षणभर टेकलं... आणि मग सरळ चाललं : ‘इतिहासाची खोली. कायम.’

“अगं बाई,” मालकीणबाई म्हणाल्या, “हे मला सांगणार होतीस ना आधी.”

मिस्त्रीनं डोळे उघडले. ते अक्षर त्यानं उलटं, टेबलाच्या पलीकडून वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्याला तेल घालायला एकही चाक आठवलं नाही.

“आता ब्रेकची परीक्षा,” साहेब घड्याळ बघत म्हणाले. “एका खुर्चीत माणूस बसवून.”

* * *

त्या दुपारी धुकं नव्हतं. नऊ नंबरची खुर्ची दरीवर आली आणि ठरल्याप्रमाणे थांबली. ऊन, वारा, खाली तिसऱ्या खांबापाशी पांढरी फुलं. तिचे पाय लोंबकळत होते आणि काळीज त्याहून वर कुठेतरी.

खांबांवरचे सगळे भोंगे एकदम खरखरले. तिकीटघरासमोरचा, फाटकावरचा, आकाशपाळण्याखालचा. पार्कभर माणसं माना वर करून बघू लागली.

“नऊ नंबर,” तो म्हणाला. “साहेब शेजारी उभे आहेत, घड्याळ लावलंय. सात मिनिटं आहेत. मामांनी सत्तेचाळीस वर्षं घालवली. मी सात मिनिटंही घालवणार नाही. त्या दिवशी मी धुक्याचं बोललो, कारण... चालत्या माणसाला ब्रेक लावू नये असं वाटलं. तुम्ही आपणहून थांबलात, आता विचारायला हरकत नाही.”

खरखर. दीर्घ श्वास. तोही सगळ्या पार्कला ऐकू गेला.

“खोलीसाठी थांबलीस ते कळलं. माझ्यासाठी पण थांबशील? ओल आहे भिंतींना, खरंच आहे. मी रोज पुसेन.”

त्यानं पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं होतं, तेही चारशे फुटांवरून आणि गावभर ऐकू जाईल असं. ती हसायला लागली. हसता हसता डोळे भरले, आणि छत्री कुठल्या हातात आहे तेच तिला सापडेना.

“घाई नाही,” भोंगा म्हणाला. “सहा मिनिटं आहेत अजून.”

तिनं त्याला सहा मिनिटं थांबवलं नाही. खालून तिकीटमावशींनी पाहिलं, कचेरीच्या सज्जातून मालकीणबाईंनी पाहिलं, रांगेतल्या पोराटोरांनी पाहिलं — निळ्या आभाळात, हात पोचेल तितकी उंच, लाल छत्री वर गेली. आणि वर गेल्यावर उघडली.

फेरीवहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : ‘वारा मंद. ब्रेक उत्तम. प्रवासी : नऊ नंबर. छत्री : वर.’ दोषाचा रकाना कोरा नाही. त्यात लिहिलंय, ‘चालक रडला.’ आणि समोर दुरुस्तीत, दुसऱ्या हातानं, सरकारी वळणाच्या अक्षरात, ‘प्रत्यक्ष पाहिले. मशीनला धोका नाही.’